शेत भाजायचा दिवस

ऑगस्ट लागला की सान इसिद्रोतली माणसं काही ना काही निमित्त काढून क्रिसांतो सुरुबीच्या अंगणात रेंगाळायची. एकाची कोंबडी हरवलेली असायची, दुसऱ्याला कुऱ्हाडीला धार लावायची असायची. कोंबडी घरीच असायची आणि कुऱ्हाडीची धारही शाबूत असायची. खरं विचारायचं एवढंच, की यंदा शेत कधी भाजायचं. पण ते थेट विचारायची रीत नव्हती. आधी मक्याची चिचा प्यायची, गुडघेदुखीची चौकशी करायची, आणि जाता जाता म्हणायचं, "बरं दॉन क्रिसांतो, आभाळ काय म्हणतंय?"

चिकितानो म्हणजे या रानातल्या मूळ रहिवाशांची शेती पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आलेली. मे महिन्यात रानाचा तुकडा तोडायचा, दोन-तीन महिने वाळू द्यायचा, भोवतीचा चार पावलं रुंद पट्टा पालापाचोळा झाडून साफ करायचा आणि पावसाच्या आत पेटवून द्यायचं. मग राखेत मका, भुईमूग, केळी. सगळी गोम दिवस निवडण्यात. फार लवकर पेटवलं तर लाकूड अर्धं कच्चं राहतं, उशीर झाला तर पाऊस गाठतो, आणि वारा चुकला तर रानच पेटतं.

तो दिवस क्रिसांतो सांगायचा. मामाने त्याला सगळ्या खुणा शिकवल्या होत्या. मुंग्या वारुळाचं तोंड कुठल्या बाजूने बंद करतात, चुलीचा धूर छपराला चिकटतो की सरळ वर जातो, पहाटे ताडाच्या झावळ्या कुठल्या अंगाला ओल्या असतात. आणि सगळ्यात पक्की खूण सुरासोची. सुरासो म्हणजे दक्षिणेकडून येणारा गार वारा. तो आला की मागोमाग भुरभूर पाऊस ठरलेला. म्हणून सुरासोच्या आदल्या सकाळी पेटवायचं. दिवसभर शेत नीट जळतं, रात्री वारा येतो, पहाटेपर्यंत भुरभुरीने निखारे विझतात. माणसाला बादलीभर पाणीही उचलावं लागत नाही.

चाळीस वर्षांत त्याचा दिवस चुकला नव्हता. एकदा कुणाचं डुकरांचं खोपट जळलं, पण ते खोपटच चुकीच्या जागी होतं असं तो अजूनही सांगतो. या मानाची त्याला चांगलीच चटक लागली होती. त्याची बायको मेल्चोरा चुलीपाशी बसून म्हणायची, "देवाने सहा दिवसांत जग केलं, आणि सातव्या दिवशी आमच्या ह्याला विचारायला आला, बरं झालंय का म्हणून." क्रिसांतो हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण त्याला ते आवडायचं.

दिवस सांगणाऱ्याने आधी आपलंच शेत गुपचूप भाजून बघायचं आणि मनासारखं जमलं की गावाला पुढच्या सुरासोआधीचा दिवस सांगायचा, अशी रीत होती. त्या वर्षी त्याने तेच केलं. त्याचं शेत टेकडीच्या मागे, गावातून न दिसणारं. मार्चपासून पावसाचा थेंब नव्हता, पानं हातात चुरगळली तर पीठ होत होतं. पण सुरासोच्या खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या. क्रिसांतो आणि मेल्चोरा पहाटेच गेले, पेटवलं, दुपारी पट्ट्यावर बसून केळी कुटून केलेला मसाको खाल्ला, संध्याकाळी धुमसते ओंडके बडवून घरी आले.

रात्री सुरासो आला. गार वारा आला, खिडक्या आपटल्या, कुत्री अंग आखडून बसली. भुरभूर मात्र आली नाही. क्रिसांतो अंथरुणात जागा राहून छपरावरच्या थेंबांची वाट बघत होता. एक थेंब पडला नाही.

शेतातल्या एका पोकळ खोडात विस्तव राहिला होता. वाऱ्याने तो पट्ट्यापलीकडे नेला, टेकडीवरून उत्तरेकडे नेला, आणि सकाळी टेकडीपलीकडच्या वस्तीवर धूर दिसू लागला. ही वस्ती पठारावरून आलेल्या लोकांची. दहा-बारा वर्षांपूर्वी ते इथे जमीन घेऊन आले होते. सान इसिद्रोत त्यांना नुसतं 'वरचे' म्हणत, आणि हे म्हणताना तोंड थोडं वाकडं करत. तिसऱ्या दिवशी सुरासो थांबला आणि उत्तरेचा गरम वारा सुटला. तीच आग आता दुप्पट रुंद होऊन वरच्यांच्या शेतांवरून सान इसिद्रोवर उतरली. सगळ्या गावाने तिला तिकडूनच येताना पाहिलं.

ती सहा दिवस जळत होती. छपरं ताडाच्या पानांची, त्यातली तीस गेली. मेलं कुणी नाही, एवढी देवाची कृपा. झऱ्याभोवतीची झाडं गेली आणि झऱ्याचं पाणी करंगळीएवढं झालं. बेनेदिक्ताची बदामाची चाळीस झाडं गेली. हा बदाम रानातला, हातोडीशिवाय न फुटणारा. तिच्या आईने शेत तोडताना एकेक झाड राखून ठेवलं होतं, आणि बेनेदिक्ता विधवा झाल्यावर ते बदाम फोडून, भाजून, तालुक्याला विकून तिने तीन मुलं वाढवली होती. तिच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्यात क्रिसांतो धर्मपिता होता. त्यामुळे ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे, आणि हे नातं तिकडे रक्ताच्या नात्यापेक्षा कमी मानत नाहीत.

आग विझवायला ओल्या फांद्या घेऊन धावताना पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला विचारलं होतं, "दॉन क्रिसांतो, तुम्ही तर नव्हतं ना पेटवलं?"

"छे. माझा दिवस अजून आलाच नव्हता," क्रिसांतो म्हणाला.

एवढंच बोलला तो. धावपळीत, धुरात, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. आग आटोक्यात आली की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण आग आटोक्यात येईपर्यंत गावाने आपला निवाडा करून टाकला होता. आग वरच्यांनी लावली. डोळ्यांनी बघितलं ना सगळ्यांनी.

मग क्रिसांतो कामाला लागला, आणि असा लागला की पोरं दमली. गावाने मिळून करायच्या इर्जिकीला पहिला तो. छपरं शाकारायला ताडाची पानं उरली नव्हती, म्हणून पत्रे आले. पत्रे वाहायला तो. झऱ्यातली राख उपसायला तो. गुरं आत शिरू नयेत म्हणून झऱ्याभोवती कुंपण घालायचं ठरलं, तर खड्डे खणायला तो. गावाची प्रमुख लिदिया तोमिचा ही पस्तिशीची, खणखणीत आवाजाची बाई. तिने शाळेमागे रोपवाटिका काढली. त्या रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालायलाही तोच. लोक त्याची उदाहरणं देऊ लागले. सत्तरीला आलेला म्हातारा बघा, आणि तुम्ही बघा. प्रत्येक कौतुकाला क्रिसांतोचं तोंड आणखी बंद होत गेलं.

मेल्चोराला सगळं माहीत होतं. एकदा जेवताना ती म्हणाली, "किती खड्डे खणलेस आज?"

"बावीस."

"अजून किती खणलेस म्हणजे ते शेत बुजेल?"

क्रिसांतोने ताट बाजूला सारलं. "तुला एवढी घाई असेल तर तूच सांग जाऊन."

"मी का सांगू? लोक दिवस विचारायला माझ्याकडे येत होते का?"

खरं सांगायचं तर त्याला शिक्षेची भीती नव्हती. ऑगस्टात अंगण रिकामं राहील, याची होती. म्हाताऱ्या माणसाला एवढ्याशा गोष्टीची एवढी भीती वाटू शकते, हे तरुणांना पटायचं नाही.

वर्ष उलटलं. जळालेल्या रानात त्या ऑगस्टात भाजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दिवस ठरवायची वेळच आली नाही. वरच्यांशी बोलणं बंद होतं. झरा दोन्ही वस्त्यांचा, पण पाणी कमी झाल्यापासून सान इसिद्रोने कुंपणाला कुलूप लावलं होतं. वरच्यांचा ओढा तर आगीनंतर पार आटला होता. ऑक्टोबरातल्या एका सकाळी क्रिसांतो झऱ्याकाठी रोपांना आळी करत होता, तेव्हा सातुर्निना चोके आली. वरच्यांमधली ती थोराड, कमी बोलणारी बाई. पाठीला चादरीत बांधलेलं नातवंड, दोन हातांत दोन डबे. कुंपणाच्या आत बेनेदिक्ता आणि आणखी दोघी पाणी भरत होत्या.

"नातू आजारी आहे," सातुर्निना म्हणाली. "एक डबा द्या. अर्धा चालेल."

"झरा जाळताना नव्हती आठवली नातवंडं?" बेनेदिक्ता म्हणाली.

"आम्ही नाही जाळला."

"हो ना. झराच विडी ओढत बसला असेल."

दुसऱ्या दोघी हसल्या. सातुर्निनाने क्रिसांतोकडे पाहिलं, कारण तिथे वयाने मोठा तोच होता. क्रिसांतोने खाली बघून आळ्यातली माती दाबली. दाबलेलीच माती पुन्हा दाबली. सातुर्निना रिकामे डबे घेऊन परत गेली. टेकडीच्या वळणापर्यंत डब्यांचा आवाज येत राहिला आणि क्रिसांतोला स्वतःची किळस आली.

त्याच रविवारी प्रार्थनेनंतर देवळाच्या ओसरीवर सभा बसली. लिदियाने एक कागद वाचून दाखवला. वरच्यांनी निष्काळजीपणे आग लावून रान, झरा आणि तीस घरं जाळली, सबब त्यांची जमीन काढून घ्यावी आणि त्यांना इथून हलवावं, असा अर्ज होता. तालुक्याला आता असे अर्ज पटकन मंजूर होत होते. प्रत्येक घरातून एक सही. सही येत नसेल त्याने अंगठा.

"पहिली सही दॉन क्रिसांतोची," लिदिया म्हणाली. "ज्याने सगळ्यांत जास्त काम केलं त्याची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रिसांतो उठून टेबलापाशी गेला. पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"यावर माझी सही चालणार नाही," तो म्हणाला.

"का बरं काका? चष्मा नाही आणला?"

"आग मी लावली."

कुणालाच काही कळलं नाही. मागे एक जण हसला. लिदिया मऊ आवाजात म्हणाली, "काका, सकाळपासून उन्हात आहात. बसा जरा. कुणीतरी पाणी आणा ह्यांना."

"मला पाणी नको. टेकडीमागचं माझं शेत मी सुरासोच्या आदल्या दिवशी पेटवलं. भुरभूर येईल वाटलं, आली नाही. खोडात विस्तव राहिला. तिथून आग वरच्यांकडे गेली आणि तिकडून आपल्याकडे आली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. खोटं बोललो."

"हे वरच्यांची दया येऊन बोलताहेत," बाकावरून कुणीतरी म्हणालं. "कनवाळू माणूस."

तेव्हा बायकांच्या बाजूने मेल्चोरा उठली. "कनवाळू कसला," ती म्हणाली. "मी होते तिथे. पट्टा मी झाडला. मसाको मी केला होता, आणि त्यात मीठ कमी पडलं म्हणून हा दिवसभर कुरकुरला. पाहिजे तर तेही लिहून घ्या." आणि ती खाली बसली.

आता कुणी हसलं नाही. क्रिसांतो सगळ्यांकडे बघायचं टाळत होता, पण बेनेदिक्ताकडे बघणं त्याला टाळता येईना. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने मांडीवरची शाल उचलली, झटकली, नीट घडी घातली आणि ओसरीवरून उतरून घरी गेली. तिने ओरडावं, दगड मारावा, काहीही करावं असं क्रिसांतोला वाटलं. ती गेली.

अर्ज पाठवला गेला नाही. दुसऱ्या दिवशी झऱ्याचं कुलूप निघालं. किल्ली कुणाकडे होती यावरून दोन घरांत भांडण झालं, कारण आता ती आपल्याकडे होती असं कुणालाच म्हणायचं नव्हतं.

पंचांनी ठरवलं ते असं. क्रिसांतोने यापुढे दिवस सांगायचा नाही. वरच्यांच्या वस्तीत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आणि ज्यांची घरं, झाडं जळली त्यांनी एकेकाने मागावं, तो म्हातारा आपल्या हातांनी काय करून देऊ शकतो ते. कुणी पत्र्याखाली बांबूची तक्तपोशी मागितली, कुणी दोन टोपल्या, कुणी एका मोसमाची खुरपणी. एकाने त्याच्या पायाशी थुंकून, तुझ्याकडून मला काही नको, असं सांगितलं. देवळाची देखभाल करणाऱ्या काकांनी, यापुढे प्रार्थनेत पुढच्या बाकावर बसू नये, एवढंच मागितलं. ती जागा त्यांच्या मेव्हण्याला कधीपासून हवी होती. क्रिसांतो सगळं कबूल करत गेला.

बेनेदिक्ताने काहीच मागितलं नाही. लिदिया दोनदा तिच्या घरी जाऊन आली. "मागायचं तेव्हा मागेन," एवढंच ती म्हणाली.

वरच्यांकडे तो लिदियाबरोबर गेला. सातुर्निनाने दारातच बटाट्याच्या सुपाची वाटी त्याच्या हातात दिली, कारण पाहुण्याला आधी खायला घालायचं, मग तो कोण आहे ते बघायचं, ही त्यांची रीत. त्याने सगळं सांगितलं. तिचा भाऊ रागाने उठला आणि आगीत गेलेल्या ट्रॅक्टरचं नाव घेऊन बाहेर निघून गेला.

"मी झऱ्यावर आले तेव्हा तुम्ही तिथे होता," सातुर्निना म्हणाली.

"होतो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

वाटी रिकामी झाली होती. तिने ती पुन्हा भरली, आणि क्रिसांतोला ते दुसरं सूप पहिल्यापेक्षा फार कठीण गेलं.

नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला. झऱ्याभोवती साडेतीनशे रोपं लागली, दोन्ही वस्त्यांच्या हातची. पहिल्या दिवशी सान इसिद्रोवाले एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला, मधे पाणी. आठवड्याने वरच्यांच्या एका पोरीने सान इसिद्रोच्या एका म्हातारीला सुनावलं, की आजी, रोप उलटं लावताय. म्हातारीने तिला चार शिव्या दिल्या आणि चिचा पाजली. तिथून पुढे बरं चाललं. पाठीवर पाण्याच्या टाक्या घेऊन आग विझवायचं पथक दोन्हीकडच्या तरुणांचं मिळून झालं. क्रिसांतो त्यांना पट्टा कसा काढायचा ते शिकवायचा. कुठलं खोड आतून पोकळ असतं ते कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून दाखवायचा.

बेनेदिक्ता रस्त्यात भेटली की मान खाली घालून पलीकडून जायची. दहा महिने तिने त्याला कोंपाद्रे म्हटलं नाही. बाकी सगळ्यांचं देणं त्याने मान खाली घालून उतरवलं, टोपल्या विणल्या, छतं केली. हे एकच तसंच राहिलं, आणि बाकी सगळ्यांपेक्षा तेच जड होतं. मेल्चोरा एकदाच म्हणाली, "तिला वेळ लागेल. झाडं तिच्या आईची होती." त्यानंतर तिनेही विषय काढला नाही.

ऑगस्ट आला. अंगणात कुणी कोंबडी शोधत आलं नाही. क्रिसांतोने अंगण तरीही झाडून ठेवलं, सवयीने.

आता नियम नवा होता. भाजायचा दिवस दोन्ही वस्त्यांनी मिळून ठरवायचा, एका वेळी एकच शेत, भोवती पथक उभं. सभा झऱ्यापाशी बसली. क्रिसांतो शेवटच्या रांगेत, एका ओंडक्यावर. आभाळ पितळेसारखं होतं. तरुण म्हणाले, मोबाइलवर पाऊस दाखवतोय. मोठे म्हणाले, सुरासोच्या खुणा दिसताहेत, उद्या पेटवायला हरकत नाही. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि प्रत्येक जण मधूनच त्याच्याकडे बघत होता.

शेवटी सातुर्निना चोके बोलली. "त्यांना विचारा ना."

"त्यांना विचारायचं नाही असं ठरलंय," लिदिया म्हणाली.

"ते तुमचं ठरलंय. आमचं नाही ठरलेलं. दॉन क्रिसांतो, उद्या पेटवायचं का?"

क्रिसांतो उभा राहिला. मुंग्या पाहून झाल्या होत्या, धूर पाहून झाला होता, झावळ्याही. त्याच्याच्याने राहवलं नव्हतं. सगळ्या खुणा उद्याच म्हणत होत्या, अगदी त्या वर्षीसारख्या. नुसतं हो म्हटलं असतं तर सभा उठली असती, आणि कोण जाणे, पुढच्या वर्षी अंगणात एखादी कोंबडीही हरवली असती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"पण खुणा तर आहेत," एक जण म्हणाला.

"आहेत. तेव्हाही होत्या. सुरासो पूर्वी पाऊस घेऊन यायचा, आता कधी आणतो, कधी नाही. मला ओळखता येत नाही. ओळखता येतं असं मी उगाच सांगणार नाही."

बायकांमधून बेनेदिक्ता उठली आणि घागऱ्याची धूळ झटकत म्हणाली, "मग काय बसलात? थांबू या." आणि सभा उठली.

सुरासो दुसऱ्या रात्री आला आणि कोरडाच गेला. त्या रात्री दोन्ही वस्त्यांत विस्तव म्हणून नव्हता. तीन आठवड्यांनी एक खरी सर पडून गेली, आणि मग एकेक शेत भाजलं. पीक थोडं उशिरा येणार होतं. त्यावर लोक कुरकुरले, पण हळू आवाजात.

शेवटचं शेत भाजून झालं त्या संध्याकाळी क्रिसांतो कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी निघाला होता. बेनेदिक्ता मागून आली आणि त्याच्या बरोबरीने चालू लागली. त्याने पावलं आखडती घेतली.

"माझं मागणं राहिलंय," ती म्हणाली.

"सांगा."

"चाळीस बदाम. होते त्याच जागी. रोपं रोपवाटिकेत आहेत, मी वेगळी काढून ठेवलीत. पाऊस आला की लावायची. पाणी तुम्ही घालायचं, गुरं तुम्ही हाकायची. मरेल त्याच्या जागी दुसरं लावायचं."

"लावतो. सगळी लावतो."

"लावून भागणार नाही. मला फळ पाहिजे. फळ माझ्या हातात पडेल तेव्हा आपलं मिटलं."

क्रिसांतो थांबला. "कोमाद्रे, त्याला फळ यायला सहा वर्षं लागतात."

"सात धरा. जमीन भाजलेली आहे."

"मी एकाहत्तरचा आहे."

"मला माहितेय तुम्ही किती वर्षांचे आहात," बेनेदिक्ता म्हणाली. "तोपर्यंत मरायचं नाही, कोंपाद्रे. तशी परवानगी नाही तुम्हाला." आणि वळणावरून ती आपल्या घराच्या वाटेला लागली.

आगीच्या धुराने क्रिसांतोची छाती धरली होती आणि दोन वर्षं रात्री-अपरात्री तो खोकत होता. तालुक्याच्या दवाखान्यात चल म्हणून मेल्चोरा सांगून थकली होती. आता या वयात कशाला, असं तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता उठला, स्वच्छ सदरा घातला आणि तालुक्याला जाणाऱ्या पहिल्या गाडीत जाऊन बसला.